वाचकांचे प्रश्न : परमुलखातल्या मायलेकी

स्थलांतरित कुटुंबांवरील कथा-कादंबऱ्यांत आई आणि मुलीचे नाते जसे रंगवले जाते, त्याविषयी तीन वाचकांची पत्रे या महिन्यात आली. विषय एकच असल्यामुळे या अंकातील सदर त्यालाच दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या वाचन मंडळात सध्या परदेशात स्थायिक झालेल्या कुटुंबांवरील पुस्तके वाचणे चालू आहे. एमी टॅन आणि झुंपा लाहिरी यांची पुस्तके वाचून झाली. माझी मुलगी अमेरिकेत असते आणि नात तिकडेच जन्मली आहे, त्यामुळे मी ही पुस्तके जरा जास्तच जीव लावून वाचली. परंतु बहुतेक ठिकाणी आई टोचून बोलणारी, दुसऱ्यांच्या मुलींशी तुलना करणारी, आणि मुलगी तिला तोडून टाकणारी. मैत्रिणी म्हणतात की हा दोन संस्कृतींमधला फरक आहे. पण अशी भांडणे आमच्या गल्लीतही रोज ऐकू येतात. मग या साहित्यात वेगळे ते काय? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : तुमची हरकत रास्त आहे. कपडे, परीक्षेतील गुण, घरी परतण्याची वेळ, मैत्रिणी, लग्न या कारणांवरून होणारे वाद भुसावळच्या रेल्वे वसाहतीत होतात तसेच सॅन फ्रान्सिस्कोतही होतात. वादाचा विषय पाहून त्याला ‘संस्कृतींचा संघर्ष’ असे नाव देणे सोपे असते आणि पुष्कळशी चर्चा तेवढ्यावरच थांबते. माझे मत असे आहे की स्थलांतराने भांडणाचे विषय फारसे बदलत नाहीत. त्या भांडणाच्या भोवती जी माणसे असायची, ती मात्र नाहीशी होतात, आणि या साहित्याचे वेगळेपण तेथून सुरू होते.

आपल्याकडे मुलीला तिची आई एकट्या आईकडून कळत नाही. आजी सांगते, मावशी सांगते, मामी थोडे तिखट-मीठ लावून सांगते, आणि आईच्या गावची एखादी म्हातारी तर मुलीच्या देखतच आईला एकेरीत हाक मारून तिचे लहानपणचे हट्ट सगळ्यांना ऐकवते. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, आणि त्या दिवसांत लहान मुलगी आपल्या आईला कुणाची तरी लेक म्हणून वावरताना पाहते. घरी धाक दाखवणारी आई तेथे झोक्यावर बसून हसते, स्वतःच्या आईजवळ तक्रार करते, रुसते. हे ज्या मुलीने पाहिले आहे, तिचा आईवरचा राग पुढे कितीही वाढला तरी आई ही आपल्या जन्माच्या आधीपासून असलेले एक माणूस आहे, हे तिला सांगावे लागत नाही. बहिणाबाई चौधरींच्या ‘योगी आणि सासुरवाशीण’ या कवितेत योगी विचारतो की ओठांवर सदा माहेरचे गाणे आहे तर सासरी आलीस कशासाठी. त्यावर ती उत्तर देते की लेकीला माहेर असावे म्हणून माय सासरी नांदते. हे उत्तर पुरते समजायचे तर आईचे माहेर आणि सासर ही दोन्ही घरे मुलीच्या डोळ्यांसमोर असावी लागतात.

परदेशातल्या घरात दुसरे घर डोळ्यांसमोर नसतेच. गावाचा धाक, नातेवाइकांचा आग्रह, सणांचे नियम, मेलेल्या आजीचे म्हणणे हे सारे एकट्या आईलाच बोलून दाखवावे लागते. मुलीने ‘मला हे नको’ म्हटले की तिने आपल्या सबंध मुलखालाच नको म्हटले असे आईला वाटते, आणि आपण आईशी बोलतच नसून एका नियमावलीशी बोलत आहोत असे मुलीला वाटते. दोघींचेही वाटणे खोटे नसते, हीच त्या नात्याची अडचण आहे.

आता तुम्ही वाचलेल्या पुस्तकांकडे या दृष्टीने पाहू. टॅन यांच्या ‘द जॉय लक क्लब’ (१९८९) या कादंबरीत चीनमधून आलेल्या चार आया आणि अमेरिकेत वाढलेल्या त्यांच्या चार मुली आहेत. त्यांपैकी सुयुआन ही आई कादंबरी सुरू होण्याआधीच वारलेली आहे आणि माहजाँग या चिनी खेळाच्या पटाभोवतीच्या तिच्या जागी तिची मुलगी जिंग-मे येऊन बसते. आईच्या मैत्रिणी तिला सांगतात की युद्धाच्या धामधुमीत चीनमध्ये मागे राहिलेल्या, तुझ्या आईच्या पहिल्या लग्नाच्या दोन मुलींचा पत्ता लागला आहे. तू तेथे जा आणि त्यांना त्यांच्या आईविषयी सांग. जिंग-मे गोंधळून म्हणते की मी काय सांगणार, मला तिच्याविषयी काहीच माहीत नाही. त्या बायका हादरतात, कारण उद्या आपल्या मुलीही आपल्याविषयी असेच म्हणतील हे त्यांना त्या क्षणी दिसते. कादंबरीचा सगळा प्रश्न मला या पहिल्याच प्रसंगात दिसतो. त्या तीन मैत्रिणी या आजी, मावशी आणि मामी यांच्या जागी उभ्या आहेत, आणि त्या बोलत्या झाल्या तेव्हा आई हयात नाही.

याच कादंबरीत पियानोवरून झालेले भांडण तुम्हाला आठवत असेल. आईच्या हट्टाला कंटाळलेली लहानगी जिंग-मे, ज्यांच्याविषयी घरात कधी बोलले जात नाही त्या चीनमधल्या मुली आठवून, ‘मीही त्यांच्यासारखी मेलेली बरी’ अशा अर्थाचे ओरडते, आणि आई अवाक् होऊन खोलीतून निघून जाते. पियानोच्या जागी पेटी आणि गाणे ठेवले तर भांडणाचा पूर्वार्ध जळगावच्या घरात जसाच्या तसा घडेल. उत्तरार्ध मात्र घडणार नाही, कारण येथे कुणीतरी थोरली बाई त्या मुलीला बाजूला घेऊन ‘तू काय बोललीस ते तुला कळते का’ असे विचारील. तेथे विचारणारे कुणी नाही. मुलीला आपल्याच बोलण्याचा अर्थ कळायला पुढचे सारे आयुष्य लागते.

मॅक्सिन हाँग किंग्स्टन यांच्या ‘द वुमन वॉरियर’ (१९७६) या, आत्मकथन आणि कल्पित यांच्या सीमेवरच्या पुस्तकातही हेच आहे. कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथे कपडे धुण्याच्या दुकानात राबणारी आई चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन रुग्ण तपासणारी, बाळंतपणे करणारी मानाची बाई होती. तो मान पाहिलेले कुणीही स्टॉक्टनमध्ये नाही. धातूच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवलेले प्रमाणपत्र तेवढे मुलीच्या हाती लागते. लाहिरी यांच्या ‘अनअकस्टम्ड अर्थ’ (२००८) या संग्रहातील ‘हेल-हेवन’ ही कथा तर तुमच्या मंडळाने पुन्हा वाचावी अशी माझी विनंती आहे. तेथे बंगाली आई आणि मुलगी यांच्यात वयात येतानाचे नेहमीचेच खटके उडतात, आणि वाचकही त्यांना नेहमीचेच समजतो. पुष्कळ वर्षांनी मुलीचे स्वतःचे मन मोडते, तेव्हा आई तिला सांगते की एका माणसावर मूकपणे जीव जडल्यानंतर, त्याने दुसरीशी लग्न केल्यावर, तिने एका दुपारी घरामागच्या अंगणात स्वतःला जाळून घेण्याची तयारी केली होती. जिला मुलगी जुन्या विचारांची म्हणून धुडकावत होती, ती बाई त्या काळात किती एकटी होती हे मुलीला तेव्हा समजते.

हा एकटेपणा निव्वळ स्वभावाचा किंवा संस्काराचा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेने १८८२ साली चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला आणि तो १९४३ पर्यंत टिकला; तोवर मागच्या माणसांना तिकडे नेणे अवघड होते. १९६५ च्या कायद्याने आशियातील शिकलेल्या लोकांना दार उघडले, तेव्हा भारतातून डॉक्टर, अभियंते आणि संशोधक गेले आणि त्यांच्या बायका त्यांच्यामागून गेल्या. पुढे व्यावसायिक व्हिसावर गेलेल्यांच्या पत्नींना एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर नोकरी करण्याची परवानगीच नव्हती; त्यांतील काही जणींना ती २०१५ साली मिळाली. पदवीधर बाई वर्षानुवर्षे घरात बसते, तिचे सारे लक्ष मुलीवर एकवटते, आणि मग आपण म्हणतो की भारतीय आया फार हात धुऊन मागे लागतात. कायद्याने केलेली कोंडी आपण संस्कृतीच्या खात्यावर लिहितो, हे मला अन्यायाचे वाटते.

आया कठोर का दिसतात, याचे आणखी एक साधे कारण आहे. यांतील पुष्कळ पुस्तके मुलींनी सांगितलेली आहेत आणि आई आपल्याला मुलीच्या डोळ्यांतूनच दिसते. ‘द जॉय लक क्लब’मध्ये आयाही स्वतःची हकिकत सांगतात, म्हणून तेथे तोल वेगळा आहे. चार मुलींपैकी वेव्हर्ली हिला बुद्धिबळातील आपले यश मिरवणारी आई लिंडो नकोशी होते. पण तीच लिंडो स्वतः बोलू लागते तेव्हा लहानपणी ठरवून लावलेल्या लग्नातून केवळ बुद्धीच्या जोरावर सुटलेली मुलगी आपल्याला भेटते, आणि वेव्हर्लीचे डावपेच कुणाच्या घरचे आहेत ते कळते. फ्रँक चिन या चिनी-अमेरिकी लेखकाने टॅन आणि किंग्स्टन यांच्यावर गोऱ्या वाचकांना रुचेल असा विकृत चीन रंगवल्याचा कडक आरोप केला होता. तो मला सरसकट मान्य नाही. पण वाचताना ‘हे कोण सांगत आहे आणि कुणाला सांगत आहे’ हा प्रश्न हाताशी ठेवण्याची सवय त्या आरोपामुळे लागते, आणि ती चांगली आहे.

तुम्ही नातीचा उल्लेख केला आहे, म्हणून एवढे लिहितो. या कथांमधली आजी बहुधा दूर असते, फोनवर असते किंवा फोटोत असते. तुमच्या मुलीचे लहानपण पाहिलेले माणूस तुम्ही आहात. नातीशी बोलताना तिच्या आईच्या गुणांपेक्षा तिचे हट्ट, तिचे रुसणे, तिने तुमच्याशी घातलेले वाद अधिक सांगावेत, असे या पुस्तकांच्या वाचनातून मला प्रामाणिकपणे वाटते.

प्रश्न : माझे आई-वडील शिंदखेडा तालुक्यातून सुरतेला आले. वडील यंत्रमागावर कामाला होते; आई घरी बसून साड्यांना लेस आणि टिकल्या लावते. मी उधन्यात जन्मले आणि तेथेच मराठी शाळेत शिकले. आई आणि माझ्यातील वादांवर मी दीर्घकथा लिहीत आहे. एका जाणकारांनी सांगितले की सुरत काही परदेश नाही, त्यामुळे याला स्थलांतरितांचे साहित्य म्हणता येणार नाही. शिवाय आई अहिराणीत बोलते आणि मी हिंदी-गुजराती मिसळून उत्तर देते. सर्व संवाद प्रमाण मराठीत लिहावेत का? — एक वाचक, सुरत

उत्तर : पहिल्या शंकेवर फार वेळ घालवू नये. ज्या घरात आईची भाषा दाराबाहेर चालत नाही आणि मुलीची भाषा दाराच्या आत पुरती चालत नाही, ते स्थलांतरिताचे घर आहे. त्यासाठी पासपोर्टावर शिक्का लागत नाही. उधना आणि लिंबायत भागांत धुळे, नंदुरबार, जळगावकडची किती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत हे तुम्हाला माझ्याहून अधिक माहीत आहे. त्यांच्या मुलींनी लिहिलेले मराठीत फारच थोडे वाचायला मिळते, म्हणून तुमचे पत्र पाहून मला मनापासून आनंद झाला.

मात्र तुमची कथा परदेशातल्या कादंबरीच्या साच्यात बसवू नका, कारण तिच्यातला पेच निराळा आहे. सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा करत जाते, आणि तुमची आई त्या गाडीत बसून दिवसाच्या आत माहेरी पोहोचू शकते. वरच्या उत्तरात मी म्हटले की परदेशातल्या मुलीने आईला लेक म्हणून पाहिलेले नसते. तुम्ही पाहिले असणार. लग्नाला, आखाजीला, कानबाई या देवीच्या सणाला गावी गेल्यावर आईचा आवाज मोठा होतो, ती पदर खोचून चार बायकांना कामाला लावते, आणि परत उधन्याच्या खोलीत आली की पुन्हा खाली मान घालून टिकल्या लावत बसते, असे काही तुमच्या पाहण्यात असेल तर कथेचे मूळ तेथे शोधावे. आपली आई आपल्या घरी, आपल्याजवळ असताना पुरती जगत नाही, हे जाणवणाऱ्या मुलीचा राग वेगळ्या जातीचा असतो. त्या रागाची कथा मी तरी अजून वाचलेली नाही.

त्यातच पैशाचा हिशेब येतो आणि तो कथेत आलाच पाहिजे. तुमच्या आईचे काम नगावर असेल तर गावी घालवलेल्या प्रत्येक दिवसाची मजुरी बुडते. ‘गावी कशाला जायचे’ या वादात एका बाजूला शाळा आणि मैत्रिणी असतील, दुसऱ्या बाजूला माहेर असेल, आणि मध्ये न लावलेल्या टिकल्यांचा गठ्ठा असेल. असा वाद लिहिला की ‘संस्कृती’ हा शब्द कथेत एकदाही न येता सगळे कळते. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांविषयी लिहिणार असाल तर तेही याच रीतीने लिहावे. रोट भाऊबंदांत खायचे असतात; भाऊबंद गावी राहिले आणि खोली परमुलखात, तेव्हा आई ते करते की नाही, करते तर कुणाच्या भरवशावर, आणि मुलगी त्या दिवशी काय करते, हे कथेत यावे. रोट आणि वांग्याचे भरीत यांची नुसती नावे आली म्हणजे खानदेश आला, असे मी मानत नाही.

आता भाषेविषयी. आईचे सगळे बोलणे अहिराणीतच ठेवा, आणि ते अडखळते नव्हे, घोळदार आणि हजरजबाबी ठेवा, जसे ते खरोखर असते. परदेशातल्या अनेक कथांत आई मोडकी इंग्रजी बोलते आणि वाचकाला ती नकळत कमी बुद्धीची वाटू लागते. टॅन यांनी १९९० साली एका निबंधात आपल्या आईच्या इंग्रजीविषयी लिहिताना हे मोकळेपणाने मान्य केले की आईची भाषा अपुरी म्हणून तिचे म्हणणेही अपुरे, असे त्यांना लहानपणी वाटत असे. आई असल्याचे भासवून त्यांना आईच्या वतीने फोनवर बोलावे लागे. तुमच्या घरात नेमके उलटे आहे. आईची अहिराणी भरलेली आहे आणि अपुरेपणा मुलीच्या उत्तरात आहे. ‘काय करी ऱ्हायनी वं?’ असे आईने विचारले तर नागपूरच्या वाचकालाही ते समजेल. अर्थ कंसात देत बसू नये, समोरच्याच्या उत्तरातून तो कळू द्यावा. निवेदन तुम्हाला सहज येते त्या मराठीत करावे, त्यात गुजराती शब्द आले तर येऊ द्यावेत.

एक प्रसंग मात्र मी तुमच्या जागी असतो तर टाळला नसता. दवाखान्यात, शाळेत किंवा रेशनच्या दुकानात आईला गुजरातीत बोलता येत नाही आणि दहा-बारा वर्षांची मुलगी तिच्या वतीने बोलते. आईचे दुखणे परक्या माणसाला सांगताना मुलगी काय गाळते, काय वाढवते, कशाची तिला लाज वाटते, आणि घरी आल्यावर आई त्याविषयी बोलते की नाही, यात मोठ्या माणसाचा अधिकार काही काळ मुलीच्या हाती येतो. तो हाती आलेली मुलगी नेहमी दयाळूपणे वागत नाही. ते तसेच लिहिण्याचे धैर्य तुम्ही दाखवावे.

प्रश्न : पदव्युत्तर अभ्यासासाठी मी हा विषय निवडला आहे. अशा कादंबऱ्यांचा शेवट आई-मुलीच्या समेटाने व्हावा, नाहीतर त्या निराशावादी ठरतात, असे माझ्या मार्गदर्शकांचे मत आहे. आपले काय मत आहे? — एक विद्यार्थिनी, चोपडा

उत्तर : मला ते मान्य नाही, आणि अभ्यासासाठी त्याविरुद्ध जाणारी पुस्तके तुमच्याजवळ असावीत. जमैका किन्केड यांच्या ‘लूसी’ (१९९०) मध्ये वेस्ट इंडीजमधून आलेली मुलगी आईची पत्रे न उघडता ठेवते, आणि तिचा राग शेवटपर्यंत मिटत नाही. एडविज डँटिकॅट यांच्या ‘ब्रेथ, आइज, मेमरी’ (१९९४) मध्ये हैतीमधल्या आईने आपल्या आईकडून सोसलेली कौमार्य तपासण्याची रीत न्यूयॉर्कमध्ये मुलीवरही लादली जाते; आई अखेर स्वतःचे जीवन संपवते आणि मुलगी आजीच्या गावी परतते. येथे समेट घडवला असता तर तो त्या छळावर घातलेले पांघरूण ठरला असता. शिवाय त्या रीतीचा जाब मुलगी आजीला प्रत्यक्ष विचारू शकते, म्हणून ही कादंबरी मला निराश करणारी वाटत नाही.

आईने एखादा पदार्थ करावा, मुलीने तो खाऊन डोळे पुसावेत आणि सारे मिटावे, असे शेवट या प्रकारच्या लेखनात फार झाले आहेत. त्यांच्याशी ताडून पाहण्यासाठी मोनिका अली यांची ‘ब्रिक लेन’ (२००३) घ्यावी. लंडनमधल्या बांगलादेशी घरात नवरा सर्वांना ढाक्याला परत नेऊ पाहतो, थोरली मुलगी शहाना त्याला जिवापाड विरोध करते, जाण्याच्या तोंडावर घरातून पळून जाते, आणि अखेर आई नाझनीन स्वतःच ठरवते की आपण मुलींसह येथेच राहायचे. मुलगी आईला शरण जात नाही आणि आई मुलीची क्षमा मागत नाही. आईचा निर्णय तिचा स्वतःचा असतो आणि तो मुलीच्या हिताचाही ठरतो. तुमच्या प्रबंधात ‘समेट झाला की नाही’ या प्रश्नाऐवजी ‘कादंबरीच्या शेवटी आईने स्वतः काही ठरवले का, की ती केवळ मुलीच्या समजुतीचा विषय राहिली’ हा प्रश्न प्रत्येक पुस्तकाला विचारून पाहावा, आणि निघतील ती उत्तरे मार्गदर्शकांसमोर ठेवावीत.